‘कट’ म्हटलं की कोट काढायचा

दिग्दर्शकांसाठी सेटवर एक खुर्ची होती. घडीची, कापडी पाठीची, पाठीवर त्यांचा हुद्दा छापलेली. त्या खुर्चीत, आमचं चित्रीकरण चालायचं त्या टाकवे बुद्रुकमधली एक पिवळी मांजर झोपायची. त्या मांजरीला कधी कुणी उठवलं नाही, कारण खुर्चीचा मालक खुर्चीत बसलाच नाही.

मी त्या मालिकेचे संवाद लिहीत होते. मालिका अशी, की सोळा वर्षांची एक अफाट हुशार मुलगी डॉक्टर झालेली असते. दिवसा दवाखान्यात मोठमोठ्या डॉक्टरांच्या चुका काढते आणि संध्याकाळी घरी आली की आईची बोलणी खाते, धाकट्या भावाशी रिमोटवरून भांडते. सोळाव्या वर्षी कुणी डॉक्टर होत नाही हे मला माहीत होतं, वाहिनीला माहीत होतं आणि बघणाऱ्यांनाही माहीत होतं. पण जेवणाच्या वेळेला लोकांना असलं काहीतरी गोड लागतं. भाकरी मोडता मोडता थोडं हसायचं, शेवटी थोडे डोळे पुसायचे आणि हात धुवायला उठायचं. माझं घर त्यावर चालत होतं, त्यामुळं मालिकेबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती दिग्दर्शकांबद्दल, आणि ती मी त्यांच्या तोंडावरच करत असे.

हा माणूस चालत जेवायचा. चालत फोन घ्यायचा. चहाचा ग्लास हातात घेऊन निघायचा आणि दोन घोट पिऊन दिसेल तिथं ठेवून द्यायचा. संध्याकाळी सेटच्या शेडमध्ये, औषधांच्या खोट्या कपाटात, स्ट्रेचरखाली, जनरेटरच्या डोक्यावर असे गारढोण झालेले ग्लास सापडायचे. संवाद वाचून दाखवायला मी त्यांच्या मागं मागं फिरायची. माझा एक गुडघा आधीच कुरकुरणारा. दुसराही त्यांच्यामुळं कुरकुरायला लागला, असं मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, मग उभ्यानं लिहीत जा, बसल्यानं सांधे धरतात.

त्यांचा एक आवडता शब्द होता, ‘हलवा’. कुठलाही प्रसंग असो, त्यांना तो बसून घडलेला चालत नसे. मी मोठ्या हौसेनं आई आणि लेकीचा एक हळवा प्रवेश लिहून नेला होता, दोघी झोपाळ्यावर बसून बोलतात असा. त्यांनी पान उलटलंसुद्धा नाही. म्हणाले, "माणूस बसला की खोटं बोलायला लागतो. हलवा यांना." मग त्या दोघींनी तो सगळा हळवेपणा गादीचा अभ्रा बदलता बदलता केला. प्रवेश चांगला झाला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आमचा दवाखाना म्हणजे टाकव्यातल्या एका आबांची बंद पडलेली पोल्ट्री होती. लांबलचक शेड, त्याला पांढरा रंग दिला, पडदे टांगले, लोखंडी खाटा मांडल्या आणि झालं रुग्णालय. हवा दमट असली की कोंबड्यांचा वास यायचा. एकदा ऑपरेशनचा गंभीर प्रवेश चालू असताना पत्र्याच्या सांदीतून एक पीस तरंगत खाली आलं आणि नेमकं पेशंटच्या छातीवर बसलं. सगळे हसू दाबत ‘कट’ची वाट बघत होते. सर मात्र खूष. राहू दे, काहीतरी हललं तरी, म्हणाले. तो भाग तसाच दाखवला गेला.

मुक्कामाला आम्हाला लोणावळ्यात बंगला दिला होता. तिथं ते रोज खोली बदलत. रखवालदारीण सकाळी चहा घेऊन दारं ठोठावत हिंडायची आणि शेवटी माझ्या दारात येऊन म्हणायची, "म्याडम, आज सायेब कुटं निजल्यात?" आता हे मला कसं ठाऊक असणार? पण ती विचारायची असं, की ऐकणाऱ्याला भलताच संशय यावा. मी सरांना एकदा याबद्दल फैलावर घेतलं, तर त्या दिवशी ते गच्चीवर झोपले.

सुट्टी असली की आम्ही आपापल्या घरी पुण्याला जायचो आणि सोमवारी लोकलनं कान्ह्याला उतरायचो. एका सोमवारी गाडी बेगडेवाडीला थांबली ती हलेचना. सरांनी जरा वेळ दारात उभं राहून चुळबुळ केली आणि सरळ उतरून चालायला लागले. ते उतरले आणि गाडी सुटली. आम्ही टाकव्याला पोचलो, चहापाणी झालं, सेटवरचे दिवे लावून झाले, तरी साहेबांचा पत्ता नाही. दुपारी उन्हात एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, दोन्ही बाजूला किटल्या आणि मध्ये हे, असे अवतरले. परंदवडीपर्यंत चालत गेले होते. चेहरा असा फुललेला, की कोणी सत्कार केला असावा. खरं तर सत्कार म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा, पण ते पुढं.

सरांचा सेटवर एकच कडक नियम होता. ‘कट’ म्हटलं की कोट काढायचा.

डॉक्टरची भूमिका करणारी मुलगी खरोखरच सोळा वर्षांची होती. नाव वेदिका, चिंचवडची, आईबरोबर सेटवर यायची. दहावीनंतर शिक्षण थांबलेलं, मालिका संपली की बघू, असं तिच्या आईचं चाललेलं. पोरगी गुणी होती. एकदा वाचलं की पाठ. ‘कट’ झाल्यावर तिनं तो पांढरा कोट लगेच काढून खुंटीला लावायचा आणि तिला सगळ्यांनी वेदिका म्हणायचं. चुकून कुणी ‘डॉक्टर’ म्हणालं तर शेडला एक फेरी मारायची. दिवेवाले मारत, रंगभूषावाले मारत, मीसुद्धा माझ्या दोन गुडघ्यांनिशी मारलेली आहे. फक्त आबांनी नकार दिला. ते तिला पहिल्या दिवसापासून ‘बारकी डाक्टरीन’ म्हणत. सरांनी त्यांना नियम समजावला तर म्हणाले, "माझ्याच शेडाला मीच फेरी मारू? देव हाय का त्यो?"

या नियमाचं मूळ मला एकदा कळलं, तेही चालताना. कान्ह्याचं फाटक पडलेलं होतं, गाडीत बसून राहणं यांना अशक्य, म्हणून आम्ही पायी टाकव्याकडं निघालो होतो. दोन्हीकडं भाताची कापणी झालेली, खाचरांत नुसते बुडखे उरलेले. ते एकदम सांगायला लागले. लहानपणी त्यांना कुठलीही तारीख सांगितली की वार सांगता यायचा. कुठल्याही सालातली. मोठमोठे गुणाकार तोंडी. वडील प्राथमिक शिक्षक, त्यांना लेकाचं कोण कौतुक. ते त्याला गावोगाव न्यायला लागले. शाळेत कार्यक्रम, देवळात कार्यक्रम, जत्रेत कार्यक्रम. मुलाला मंचावर बसवायचं, अंगावर शाल, गळ्यात हार, हातात नारळ. मग सरपंचांचं भाषण, मुख्याध्यापकांचं भाषण, आणि तेवढा वेळ या पोरानं हलायचं नाही. हाराचं कुसळ मानेला टोचतंय, तरी हलायचं नाही. मग लोक तारखा विचारणार, हा वार सांगणार, टाळ्या.

"चौदाव्या वर्षी एका गावात काहीच आलं नाही," ते म्हणाले. "एकानं तारीख विचारली आणि आत सगळं कोरं. दुसऱ्यानं विचारली, तरी कोरं. लोक चांगले होते हो, कुणी हसलंसुद्धा नाही. वडील एसटीत माझ्याशेजारी बसून घरी आले. नंतर जन्मात त्यांनी मला आज वार कोणता, एवढंसुद्धा विचारलं नाही."

ते झपाझप पुढं निघून गेले आणि मी मागं राहिले.

आबांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापासूनच सुरू झालं. रोज सकाळी ते कोंबड्यांच्या खाद्याचं एक पिंप उपडं घालून शेडच्या दारात बसत आणि चित्रीकरण बघत. एकदा सरांना जवळून दाखवायला एक खरा म्हातारा हात हवा होता. वेदिका नाडी बघते, एवढंच दिसणार. आबांनी मनगट पुढं केलं. आबांना तेव्हा दोन दिवस उचकी लागलेली होती. सरांच्या मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा तेच, त्यात आबांना हलायचं नाही अशी सक्त ताकीद, त्यामुळं ते श्वास रोखून बसलेले. काम झालं तेव्हा उचकी गेलेली होती. आबांनी जरा वेळ वाट बघितली. ती आली नाही. मग त्यांनी वेदिकाच्या हाताकडं असं बघितलं, जसं चांगल्या बैलाकडं बघावं.

"पोरीच्या हाताला गुन हाय," ते म्हणाले.

हातगुण. हा शब्द मी आबांच्या आधीच मालिकेत घातला होता आणि सरांनी तो खोडला होता. मी भांडले होते. डॉक्टर कितीही शिकलेला असो, त्याच्या हाताला गुण आहे की नाही हे आपल्याकडं लोक ठरवतात. माझ्या आईला एकाच डॉक्टरच्या गोळीनं बरं वाटायचं, तीच गोळी दुसऱ्यानं दिली तर नाही. सर म्हणाले, "हुशार म्हणा, अभ्यासू म्हणा. हातगुण नको. अभ्यास कमी पडला तर वाढवता येतो. हातगुण गेला तर पोरीनं काय करायचं?" तेव्हा मला तो त्यांचा हेका वाटला होता.

थंडीतल्या एका सकाळी आबा पिंपावर नव्हते. थोड्या वेळानं त्यांची बायको, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो, लगबगीनं आल्या. आबांच्या छातीत कळ येत होती, डावा हात भरून आला होता आणि एवढ्या गारठ्यात बंडी घामानं भिजली होती. मावशींनी ओव्याचं पाणी दिलं होतं. मुलगा कंपनीत पहिल्या पाळीला. आम्ही धावलो. आबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, तोंड राखेच्या रंगाचं. सरांनी गाडी दारात आणायला सांगितली, आणि आबा म्हणाले, येत नाही. पित्त आहे, उतरेल. त्यांच्या थोरल्या भावाला असंच दवाखान्यात नेलं होतं आणि तो परत आला नव्हता. सरांनी समजावलं, मी समजावलं, मावशींनी पाय धरले. आबा भिंतीला चिकटून.

"बारकीला बगू द्या," ते म्हणाले. "ती म्हनली तर जातो."

मी म्हटलं, "आबा, ती खोटी डॉक्टर आहे हो. नाटक आहे ते."

"त्ये मला बी कळतंय," आबा म्हणाले. "हात तर खरा हाय न्हवं?"

वेदिका शेडमध्ये पोहे खात होती. तिच्या आईनं ऐकताक्षणी नाही म्हटलं. काही बरंवाईट झालं तर गाव माझ्या पोरीच्या नावानं खडे फोडेल, ती म्हणाली, आणि तिचं चुकत नव्हतं. सर शेडला फेऱ्या मारायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस वेडा होणार. मग ते आत गेले आणि खुंटीवरचा कोट घेऊन आले. कॅमेरा बंद असताना तिच्या अंगावर कोट चढवणारे पहिले ते स्वतःच. तिची आई तोंड फिरवून उभी राहिली.

"सर, बोलायचं काय?" वेदिकानं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण संवाद माझ्याकडं असतात. माझ्याकडं काहीही नव्हतं.

सर म्हणाले, "तुला वाटेल ते. फक्त खोटं नको."

ती ओसरीवर गेली, आबांच्या शेजारी टेकली, शिकवलेली तशी तीन बोटं मनगटावर ठेवली. "आबा," ती म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. पण तुमच्याकडं बघून मला फार भीती वाटतीय."

आबा तिच्याकडं बघत राहिले. "आता कसं," ते म्हणाले. "डाक्टरला भ्या वाटलं म्हंजी जायाला पायजे." आणि मावशींचा हात धरून उठले.

तळेगावच्या दवाखान्यात त्यांना आत घेतलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतका वेळ का लावलात? पण आबा वाचले. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली आणि ते घरी आले. त्यांच्या पोराच्या गळ्यात पडून मी रडले. सर रडले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी चहाचा ग्लास पुरता रिकामा केला.

पुढं काय होणार हे आमच्यापैकी फक्त त्यांना कळलं होतं. आबा घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेडच्या फाटकाशी माणसं जमायला लागली. साखरेचे, दम्याचे, पिशवीत रिपोर्ट घेऊन आलेले. बारक्या डॉक्टरणीला नुसता हात लावू द्या, औषध आमचं आम्ही घेतो. एक जण शेळी घेऊन आला. आम्ही हसलो. वेदिकाही हसली, पण तिनं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. सरांनी फाटकाशी जाऊन हात जोडून सांगितलं, ही नटी आहे, हिला काही येत नाही. लोक समजुतीनं माना हलवायचे आणि थांबायचे. पोरीला गुण असला की घरचे लपवतातच, असं त्यांचं मत.

एका सकाळी धरणाच्या अंगानं वरच्या वाडीतली एक बाई तापलेलं मूल घेऊन आली. लोणावळ्याहून आमची गाडी धुक्यामुळं उशिरा निघाली होती, तरी ती थांबली. सरकारी दवाखाना वाटेतच लागतो, तो सोडून ती पुढं आली होती. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या कडेवरच त्या मुलाला आकडी आली. डोळे फिरले, अंग ताठ. सरांनी ते मूल अक्षरशः ओढून घेतलं आणि गाडीत घातलं. मूल वाचलं. सर परत आले, शेडमागं गेले आणि ओकले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "बाई, मी मंच बांधलाय हो तिच्यासाठी."

त्याच आठवड्यात कान्हे फाट्यावर फलक लागला. वेदिकाचा कोटातला फोटो, खाली ‘आमच्या मावळची बारकी डॉक्टरीण’, देवळापुढं सत्कार, शाल-श्रीफळ. सरांनी फलक बघितला तेव्हा मी त्यांच्या शेजारी होते. त्यांनी मानेवरून हात फिरवला. तिथं हार नव्हता, काही नव्हतं.

पण फलकापेक्षाही वाईट गोष्ट मला आदल्या दिवशी दिसली होती. ‘कट’ झाला आणि वेदिकानं कोट काढला नाही. तशीच बाहेर आली, माझ्याजवळ उभी राहिली आणि स्वतःच्या तळहाताकडं बघत म्हणाली, "मॅडम, खरंच काही असेल का हो माझ्या हातात?" मी हे सरांना सांगितलं. ते थांबले. म्हणजे खरोखर जागच्या जागी थांबले, आणि मला भीती वाटली.

"उद्याचा भाग बदला," ते म्हणाले. "उद्या ती चुकते."

मी उसळले. आमच्या डॉक्टरचं चुकणं म्हणजे मालिकेचा गळा दाबणं. इतक्या भागांत ती एकदाही चुकलेली नव्हती, त्यासाठीच लोक बघत होते. वाहिनी आम्हाला उभं करणार नाही. आणि एका पोरीसाठी सेटवरच्या एवढ्या माणसांच्या पोटावर पाय? सर म्हणाले, सगळं कबूल. मग? मग उद्या ती चुकते. मी बंगल्याच्या पायऱ्यांवर बसून, त्यांना शिव्या घालत, तो भाग लिहिला.

प्रसंग साधा होता. एक आजी चक्कर येते म्हणून येतात. आमची हुशार डॉक्टर एका नजरेत ओळखते, त्यांचं बोलणं अर्ध्यात तोडते आणि गोळी देते. आजी आधीच दुसरी एक गोळी घेत असतात. तेवढं विचारायचं राहिलेलं असतं. आजी घरी कोसळतात. वाचतात, पण एक बाजू लुळी पडते. मग डॉक्टर त्यांच्या मुलापुढं उभी राहून म्हणते, मी चुकले.

वेदिका ते म्हणेचना. "डॉक्टर असं करणार नाही, सर," ती हट्टानं म्हणाली. सर म्हणाले, "डॉक्टर कोण आहे?" पुन्हा घेतलं, पुन्हा. ती वाक्य म्हणायची, पण नुसतं पाठ केलेलं. मळणीच्या यंत्राचा आवाज मध्ये आला म्हणून थांबलो, पुन्हा घेतलं. शेवटी एकदा तिनं त्या मुलाचं काम करणाऱ्या नटाकडं बघितलं आणि म्हणाली, "मी चुकले. मी त्यांचं ऐकूनच घेतलं नाही." आणि हुंदका फुटला तो आमच्या कागदावर नव्हता. सरांनी ‘कट’ म्हटलं. तिनं नाक पुसत स्वतःच कोट काढला आणि आईकडं गेली.

वाहिनीवाल्यांचे फोन सुरू झाले. शेवटी ते स्वप्न होतं असं दाखवा, म्हणाले. सर फोन कानाला लावून शेडला फेऱ्या मारत राहिले आणि नाही म्हणत राहिले. दाखवायला दुसरा भाग तयार नव्हता, आमचं रोजचं काम रोज जात होतं. तो भाग तसाच गेला. पुढचं थोडक्यात सांगते. लोक चिडले, मालिका घसरली, सरांना काढलं. नव्या दिग्दर्शकांनी आल्या आल्या ते सगळं स्वप्न करून टाकलं, पण तोवर वेदिकाच्या आईनं तिला काढून घेतलं होतं. नवी मुलगी आली, मालिका काही महिने रखडून बंद पडली. मला नवं काम मिळायला वेळ लागला आणि त्या काळात मी सरांना मनातून बरंच काही बोलले. सत्कार झालाच नाही. फलक फाट्यावर फाटून गेला.

मात्र तो भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही आबांच्या घरी होतो. त्यांनीच बोलावलं होतं. ओसरीवर टीव्ही, अंगणात सतरंज्या, अर्धं गाव जमलेलं. वेदिका मावशींना खेटून बसलेली. सर तुळशीपाशी, या पायावरून त्या पायावर. आजी कोसळल्या. मग पडद्यावरची वेदिका ‘मी चुकले’ म्हणाली आणि भाग संपला. मागून एक बाई म्हणाली, "म्हंजी हिचं बी चुकतंय व्हय." आवाजात राग नव्हता, पण माया आटलेली होती. बायका पदर झटकून उठल्या. त्यांतली एक पुढच्या आठवड्यात मुलाला दाखवायला आणणार होती, ती वेदिकाकडं न बघताच गेली. वेदिकाची मान खाली. इतके दिवस सगळ्यांच्या नजरा अंगावर होत्या, आता एकही नाही, आणि सोळा वर्षांच्या पोरीला ते सोसत नव्हतं. सर तिच्याकडं बघत होते. हे आपण तिला दिलंय, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

आबा खाटेवर होते, डॉक्टरांनी अजून फार चालू नका सांगितलेलं. त्यांनी वेदिकाला जवळ बोलावलं.

"किती वर्साची गं तू?"

"सोळा."

"मंग चुकनारच की," आबा म्हणाले. "शाळंत का जात न्हाईस?"

आबांनी सरांकडं मान वळवली. "सायेब, लेकराला शाळंत घाला."

सर तुळशीपासून म्हणाले, "आबा, आता मध्ये खंड पडलाय. जमलं नाही, नापास झाली, तर?"

"व्हईल की नापास," आबा म्हणाले. "परत बसंल. त्यात काय लोकास्नी सांगायचं हाय?"

सर काहीतरी म्हणायला गेले. मग त्या भरल्या अंगणात, उठलेल्या बायका अजून चपला शोधत असताना, तो साठीचा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. मावशी पाणी आणायला आत गेल्या.